31 मार्चच्या अलीकडे, पलीकडे: एका स्वेच्छानिवृत्तीचा हिशेब

हे प्रकरण नाशिकच्या एका कुटुंबाचं आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आकडे थोडे गोलाकार केलेत, पण हिशेब खरा आहे. मी या कुटुंबाचं आयकर विवरण गेली बारा-तेरा वर्षं भरतो, त्यामुळे यातले काही निर्णय माझ्यासमोर झाले आणि काही माझ्या नकळत. चुका दोन्हीकडे आहेत.

पार्श्वभूमी

सुरेशराव अंबड एमआयडीसीतल्या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात सुपरवायझर होते. एप्रिल 1996 मध्ये कायम झाले. जन्म जून 1964 चा. कंपनीत निवृत्तीचं वय 60, म्हणजे जून 2024 पर्यंत नोकरी होती. 2019 च्या शेवटी बेसिक अधिक डीए 42,000, एकूण पगार 58,000, हातात 49,000.

घरात पत्नी सुनंदावहिनी, ऐंशीच्या घरातली आई, पुण्यात नोकरीला लागलेला मुलगा आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी. मुलीची फी वर्षाला 1 लाख 10 हजार. घराचं कर्ज 3 लाख 40 हजार उरलेलं, हप्ता 9,800. हप्त्यासकट घरखर्च महिना 34,000. सुनंदावहिनी शिवणकाम करतात, त्यातून महिन्याला चार हजार सुटतात.

आधीची शिल्लक अशी: पतसंस्थेत 6 लाखांची ठेव, म्युच्युअल फंडात सुमारे 2 लाख 80 हजार, आणि पीएफमध्ये 17 लाख 20 हजार. 2012 मध्ये घरासाठी पीएफमधून पैसे काढले होते, नाहीतर हा आकडा बराच मोठा असता. पीएफ पूर्ण पगारावर कापला जात होता, कायद्यानं ठरवलेल्या 15,000 च्या पगारमर्यादेवर नाही. ही बाब तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हती. पुढे ती महत्त्वाची ठरली.

अडचण

2019 हे वाहन उद्योगाचं वाईट वर्ष होतं. मागणी आटली होती आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचे नवे निकष लागू होणार असल्यानं जुन्या इंजिनांच्या भागांच्या ऑर्डरी थांबत चालल्या होत्या. ऑगस्टपासून अंबड-सातपूर पट्ट्यात उत्पादन बंद ठेवण्याचे दिवस वाढले. सुरेशरावांच्या लाइनवर आठवड्यात दोन दिवस मशिनवर प्लास्टिक टाकलेलं असायचं.

डिसेंबरात कंपनीनं स्वेच्छानिवृत्तीची योजना लावली. प्रत्येक पूर्ण वर्षामागे 45 दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या महिन्यांचा पगार, यातलं जे कमी असेल ते. 23 पूर्ण वर्षांचे साडेचौतीस महिने झाले. 42,000 नं गुणलं की 14 लाख 49 हजार. अर्जाची मुदत 31 जानेवारी, कार्यमुक्ती 29 फेब्रुवारी.

प्रश्न वरवर ‘घ्यावी की नाही’ असा होता. पण पगार थांबल्यापासून पुढची मिळकत सुरू होईपर्यंतचा काळ कशावर काढायचा, हा त्याहून कठीण प्रश्न होता. ईपीएस पेन्शनची (पीएफला जोडलेल्या कर्मचारी पेन्शन योजनेची) पूर्ण पात्रता 58 व्या वर्षी, म्हणजे जून 2022 ला. ज्येष्ठ नागरिकांच्या बहुतेक योजना साठीनंतर, म्हणजे जून 2024 नंतर. आणि मुलीची फी तर येत्या जुलैलाच भरायची होती.

समोर असलेले पर्याय

पहिला, अर्जच न करणं. योजना स्वेच्छेची होती, सक्ती नव्हती. पण ‘पुरेसे अर्ज आले नाहीत तर लाइन दुसऱ्या प्लांटला हलवू’ असं तोंडी सांगितलं जात होतं. कपात झालीच, तर तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार कामगाराला वर्षामागे पंधरा दिवसांची भरपाई मिळत असे. सुरेशराव सुपरवायझर, त्यामुळे ते ‘कामगार’ या व्याख्येत बसतात की नाही यावरच वाद झाला असता.

दुसरा, मेहुण्यांचा सल्ला: पाथर्डी फाट्याला फ्लॅट घ्या, भाड्यावर बसून खा. 28 लाखांचा फ्लॅट आणि भाडं साडेसात हजार. म्हणजे वर्षाला सव्वातीन टक्के, त्यातून सोसायटीचा मेन्टेनन्स आणि घरपट्टी वजा. हा पर्याय एका संध्याकाळीत बाद झाला. नाशिककर माणसाच्या मनातून फ्लॅट इतक्या सहज जात नाही, पण वहिनींनी भागाकार स्वतः केला होता.

तिसरा, शेजाऱ्यांच्या ओळखीच्या पतसंस्थेत सगळे पैसे ठेवणं. दर साडेनऊ टक्के. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध येऊन ठेवीदारांना आधी फक्त हजार रुपये काढता आले होते, ते ताजं होतं. 4 फेब्रुवारी 2020 पासून बँक ठेवींचं विमासंरक्षण एक लाखावरून पाच लाखांवर गेलं. पण ते बँकांना. पतसंस्थेच्या ठेवीला हे संरक्षण नसतं, आणि ही गोष्ट निम्म्या ठेवीदारांना माहीत नसते. सुरेशरावांनाही नव्हती.

चौथा पर्याय आम्ही वहीत मांडला. निवृत्तीच्या पैशांतून ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पूर्ण मर्यादेइतके, म्हणजे तेव्हाच्या नियमानं 15 लाख. पतसंस्थेतले 6 लाख काढून पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत. उरलेले बँकेत, वर्षभराच्या खर्चासाठी. पीएफला हात लावायचा नाही. 58 वर्षांपर्यंत त्यावर व्याज मिळत राहतं. नोकरी सुटल्यानंतरचं ते व्याज करपात्र असतं, पण 2019-20 साठी 8.5 टक्के दर असताना तेही परवडत होतं.

ज्येष्ठ नागरिक योजना साठीच्या आत कशी, असं बऱ्याच जणांना वाटतं. वय 55 पूर्ण असेल आणि नियत वयानं किंवा स्वेच्छानिवृत्तीनं नोकरी सोडली असेल, तर साठीआधीही खातं उघडता येतं. अट एवढीच की निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून एका महिन्यात उघडायचं. (नोव्हेंबर 2023 पासून ही मुदत तीन महिने झाली आहे.) सुरेशराव 55 वर्षं 8 महिन्यांचे होते. आठ महिने आधी योजना आली असती तर हे दार बंद असतं.

अर्जावरची खूण

अर्जात दुसऱ्या पानावर एक चौकट होती. भरपाई कशी हवी: (अ) कार्यमुक्तीनंतर एकरकमी, किंवा (ब) दोन समान हप्त्यांत, दुसरा हप्ता 30 एप्रिलला. सुरेशरावांनी ‘अ’वर खूण केली. मला अर्ज दाखवला तो जमा केल्यानंतर, झेरॉक्स.

आता कराचा हिशेब बघा. स्वेच्छानिवृत्तीच्या भरपाईतले 5 लाख तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम 10(10सी) खाली करमुक्त होते. उरलेले 9 लाख 49 हजार त्या वर्षाच्या पगारात मिळवले गेले. अकरा महिन्यांचा पगार 6 लाख 38 हजार. दोन्ही मिळून 15 लाख 87 हजार, आणि वजावटी गेल्यावर करपात्र उत्पन्न साधारण 13 लाख 57 हजार. कर, उपकरासकट, 2 लाख 28 हजार. भरपाई नसती तर त्या वर्षी त्यांचा कर शून्य होता.

‘ब’वर खूण केली असती तर निम्मी रक्कम पुढच्या आर्थिक वर्षात गेली असती, जिथे पगारच नव्हता. दोन वर्षांचा मिळून कर सव्वा लाखाच्या आत राहिला असता. म्हणजे एका चौकोनातल्या खुणेची किंमत लाखभर रुपये.

पण हे मागाहून सांगणं सोपं आहे. वहिनी तेव्हा म्हणाल्या होत्या, “अहो, आधी हातात येऊ दे. कर परवडला, कंपनी बुडाली तर काय?” ही भीती खोटी नव्हती. ज्या कंपनीकडे ऑर्डर नाही तिच्याकडे सात लाख दोन महिने उधार ठेवायचे, हा कर वाचवण्याचा मोबदला झाला. मी तिथे असतो तर ‘ब’च सुचवलं असतं, कारण कंपनीची आई-कंपनी मजबूत होती. पण त्यांनी नकार दिला असता तर त्यांना चूक म्हटलं नसतं. चूक एवढीच की तो निर्णय आहे हेच कुणाला कळलं नाही. खूण करून टाकली.

मार्चचे ते दिवस

शुक्रवारी, 13 मार्चला चेक मिळाला. भरपाई, ग्रॅच्युइटी 5 लाख 81 हजार (42,000 चे 15/26, गुणिले 24. शेवटचं वर्ष सहा महिन्यांच्या वर असल्यानं पूर्ण धरलं), रजेचे 1 लाख 10 हजार, आणि टीडीएस वजा. हातात 19 लाख 12 हजार.

आठवडाभरापूर्वी, 5 मार्चला, येस बँकेतून पैसे काढण्यावर 50,000 ची मर्यादा आली होती. शेअर बाजार कोसळत होता. सुरेशरावांचा मुक्काम दिवसभर टीव्हीसमोर. त्यांचं म्हणणं, महिनाभर मुदत आहे, जरा शांत होऊ द्या. माझं म्हणणं, ज्येष्ठ नागरिक योजनेचा दर 8.6 आहे, तो 31 मार्चपर्यंतच नक्की आहे, आणि या दराला उघडलेलं खातं पाच वर्षं त्याच दरानं चालतं. बाजारातले दर खाली येत असताना सरकार एकट्यानं 8.6 किती दिवस देणार?

सोमवारी चेक वटला. मंगळवारी आम्ही कागद घेऊन गेलो आणि काउंटरवरून परत आलो. साठीआतल्या माणसाला कंपनीचं प्रमाणपत्र लागतं: निवृत्तीचा प्रकार, हुद्दा, नोकरीचा काळ, मिळालेली रक्कम. कंपनीनं दिलेल्या पत्रात इंग्रजीत एक ओळ होती, तिचा अर्थ ‘यांचा राजीनामा स्वीकारण्यात आला आहे’. राजीनामा दिलेल्या माणसाला ही योजना साठीआधी मिळत नाही. काउंटरवरच्या बाईंनी त्या एका शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि पत्र परत सरकवलं. त्यांचं बरोबरच होतं.

बुधवारी सुरेशराव ज्या गेटमधून पंधरा दिवसांपूर्वी हार घालून बाहेर पडले होते, त्याच गेटवर पाहुण्यांच्या रजिस्टरमध्ये नाव लिहून आत गेले. एचआरमधल्या मुलानं पत्राचा साचा सगळ्यांसाठी एकच वापरला होता. सुधारून द्यायला दोन तास लागले. गुरुवारी, 19 मार्चला खातं उघडलं, 15 लाख, दर 8.6. तिमाहीला 32,250.

रविवारी जनता कर्फ्यू लागला. मंगळवारी रात्री देशभरच्या लॉकडाउनची घोषणा झाली. 31 मार्चला नवे दर जाहीर झाले: ज्येष्ठ नागरिक योजना 7.4, मासिक उत्पन्न योजना 7.6 वरून 6.6, पीपीएफ 7.9 वरून 7.1. सुधारलेलं पत्र आठवडाभर उशिरा मिळालं असतं तर पाच वर्षांत 90,000 चा फरक पडला असता.

त्यांच्याबरोबर स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या बऱ्याच जणांनी ते ‘राजीनामा’वालं पत्र तसंच फायलीत लावून ठेवलं होतं.

पतसंस्थेचं मात्र जमलं नाही. ठेव 10 मार्चला पूर्ण झाली होती. ‘पुढच्या आठवड्यात या’ असं दोनदा ऐकून घेतलं, आणि मग तो आठवडा आलाच नाही. पैसे जूनमध्ये दोन तुकड्यांत मिळाले. मिळाले हेच पुष्कळ. मासिक उत्पन्न योजनेत ते 6.6 नं गेले: महिन्याला 3,800 ऐवजी 3,300.

म्युच्युअल फंडाबद्दल थोडक्यात सांगतो. 23 मार्चला सेन्सेक्स 3,934 अंकांनी पडून 25,981 वर बंद झाला आणि दुसऱ्या दिवशी सुरेशरावांनी निम्मे युनिट विकले, मला न विचारता. वर्षअखेरीस सेन्सेक्स 47,000 च्या वर होता. विकलेल्या पैशांना हातही लागला नव्हता. ते बचत खात्यात पडून होते.

पेन्शन आधी की नंतर

ईपीएस पेन्शन पन्नाशीनंतर, नोकरी सुटलेली असेल तर, आधीही सुरू करता येतं. 58 ला जितकी वर्षं कमी, त्या प्रत्येक वर्षामागे 4 टक्के कपात. युनियनमधल्या जुन्या मित्रांनी एकमुखानं सांगितलं, “कापून घेऊ नका, जन्मभराचं नुकसान.” सुरेशरावांनी ऐकलं. मीही मान हलवली. ही माझी चूक, आणि ती कबूल करताना आकडे समोर ठेवतो.

त्यांचं पेन्शन असं बसत होतं: सप्टेंबर 2014 पूर्वीच्या नोकरीला पगाराची 6,500 ची मर्यादा, नंतरच्या नोकरीला 15,000 ची, गुणिले सेवा, भागिले 70, शिवाय वीस वर्षांवर सेवा म्हणून दोन वर्षांची भर. सगळं मिळून 3,150 च्या आसपास. मार्च 2020 पासून घेतलं असतं तर साधारण 2,850. म्हणजे महिन्याला 300 कमी, पण 27 महिने आधी. 27 महिन्यांचे झाले जवळपास 77,000. दरमहा 300 नं हे 77,000 भरून निघायला एकवीस वर्षं लागतात. वय होतं एकोणऐंशी.

त्यात या पेन्शनला महागाईभत्ता नाही. जे 2022 मध्ये ठरलं तेच 2040 मध्ये. आज हातात येणारा रुपया वीस वर्षांनी येणाऱ्या रुपयापेक्षा जड, आणि 2020-21 हे वर्ष तर असं होतं की महिन्याला 2,850 म्हणजे किराण्याचं निम्मं बिल. त्यांनी घ्यायला हवं होतं. थांबण्यात अर्थ असतो तो दुसरी पीएफवाली नोकरी मिळण्याची शक्यता असेल तेव्हा, कारण मग सेवेची वर्षं वाढतात. पंचावन्नाव्या वर्षी, लॉकडाउनमध्ये, ती शक्यता किती होती?

‘कपात’ हा शब्दच माणसाला घाबरवतो. आधी मिळालेल्या पैशाला मात्र काही नावच नाही, म्हणून तो हिशेबात येत नाही.

काय केलं, काय झालं

पहिल्या वर्षी मिळकत महिन्याला 10,750 अधिक 3,300 अधिक शिवणकाम. त्या उन्हाळ्यात वहिनींनी मास्क शिवले, ते चार महिने बरे गेले. तरी दरमहा पंधरा-सोळा हजारांची तूट, वर फी. बँकेतल्या 4 लाख 12 हजारांतले पावणेतीन लाख वर्षभरात गेले.

कर्ज लगेच फेडावं का, यावर आमचा वाद झाला. कर्जाचा दर एफडीपेक्षा जास्त होता, म्हणजे गणित फेडा म्हणत होतं. पण फेडले असते तर घरात सत्तर हजार उरले असते, आणि तो काळ एप्रिल 2020 चा. फेडले नाहीत. हप्ता चालू ठेवला. रिझर्व्ह बँकेनं दिलेली हप्तेस्थगितीही घेतली नाही, कारण व्याज त्यात चढतच होतं.

आरोग्यविमा हा सगळ्यांत कच्चा दुवा होता. कंपनीचा गटविमा 29 फेब्रुवारीला संपला आणि तो संपतो हे कुणी सांगितलं नाही. गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधीचा काळ धरला जातो, पण अर्ज मुदतीआधी करावा लागतो. ती वेळ गेली होती. सुरेशरावांना रक्तदाब, त्यामुळे नव्या पॉलिसीत त्या आजाराला चार वर्षं प्रतीक्षा. शेवटी जूनमध्ये दोघांची 5 लाखांची आरोग्य संजीवनी ही प्रमाणित पॉलिसी घेतली, जी आरोग्यविमा विकणाऱ्या सगळ्या सर्वसाधारण आणि आरोग्य विमा कंपन्यांना 1 एप्रिल 2020 पासून द्यावी लागत होती. पॉलिसी नसलेले ते तीन महिने कोरोनाचे पहिले तीन महिने होते. एप्रिल 2021 मध्ये, दुसऱ्या लाटेत, सुरेशराव नऊ दिवस रुग्णालयात होते. बिल 2 लाख 30 हजार. विम्यानं बरंचसं दिलं. पाच टक्के वाटा आणि न मान्य झालेल्या बाबी मिळून 38,000 खिशातून गेले.

फेब्रुवारी 2021 पासून त्यांना सिन्नरच्या एका छोट्या कारखान्यात आठवड्यातून तीन दिवस तपासणीचं काम मिळालं, महिना 18,000, पीएफ नाही. या कामानं सगळा हिशेब बदलला. खरं सांगायचं तर माझ्या वहीतल्या कुठल्याही योजनेपेक्षा या अठरा हजारांनी जास्त केलं.

जून 2022 मध्ये पेन्शन सुरू झालं आणि पीएफ काढला, तो वाढून साडेवीस लाख झाला होता. मधल्या व्याजावर कर लागला नाही, कारण एकूण करपात्र उत्पन्न पाच लाखांच्या आत होतं. दीड लाखात कर्ज निल केलं. बाकीचे कुठे ठेवायचे? ज्येष्ठ नागरिक योजनेची मर्यादा भरलेली. रिझर्व्ह बँकेच्या बदलत्या दराच्या रोख्यांत सात वर्षं अडकतात, आणि साठीआधी मधूनच मोडता येत नाहीत. रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो) मे 2022 पासून वाढायला लागले होते. म्हणून एक-एक वर्षाच्या एफडी केल्या, तीन बँकांत. वाट बघण्याचा निर्णय त्यांनी 2020 मध्ये पेन्शनबाबतही घेतला होता, तेव्हा तो चुकीचा होता. या वेळी बरोबर निघाला. 1 एप्रिल 2023 पासून योजनेची मर्यादा 30 लाख झाली, दर 8.2. जून 2024 मध्ये साठ पूर्ण झाल्याच्या आठवड्यात आणखी 15 लाख भरले. मार्च 2025 मध्ये पहिलं खातं तीन वर्षांसाठी वाढवलं, तेही 8.2 नं.

आज 30 लाखांवर महिन्याला सरासरी 20,500, मासिक योजनेचे 3,700, पेन्शन 3,150. एकूण 27,350. खर्च 38,000. हप्ता आणि फी संपल्या, पण आईची औषधं आणि महागाई आहे. फरक सिन्नरच्या कामातून निघतो. काम थांबेल तेव्हा फंडातले उरलेले युनिट आणि एफडी आहेत. मुलगी आता हिंजवडीत नोकरी करते. ती देऊ करते ते सुरेशराव घेत नाहीत, वहिनी घेतात.

आज परत करायचं झालं तर

स्वेच्छानिवृत्ती घेणंच बरोबर होतं का? जे राहिले त्यांना 2020 मध्ये तीन महिने अर्धा पगार मिळाला, मग पूर्ववत झालं. लाइन हलली नाही. जून 2024 पर्यंत राहिले असते तर 52 महिन्यांचा पगार 25 लाखांच्या वर जातो, पीएफ वेगळा. भरपाई करानंतर 12 लाख 21 हजार. आकड्यांत ते हरले. फेब्रुवारी 2020 मध्ये हे कुणाला दिसणार होतं, हा वेगळा प्रश्न. पण ‘व्हीआरएस घेतली म्हणून वाचलो’ असं जे ते पाहुण्यांना सांगतात, ते मी मान डोलवून ऐकतो आणि गप्प बसतो.

मी वेगळं काय करेन? अर्ज भरण्याआधी प्रत्येक चौकटीपुढे रुपयांत आकडा लिहायला लावेन. कार्यमुक्तीच्या दीड महिना आधी विम्याचा अर्ज देईन. पत्रातला निवृत्तीचा शब्द गेटच्या आत असतानाच वाचेन. ईपीएस लगेच सुरू करायला सांगेन. पतसंस्थेची ठेव डिसेंबरातच, थोडं व्याज सोडून, मोडायला लावेन. व्याजदर कुठे किती यावर आम्ही कितीतरी संध्याकाळी घालवल्या. खरा पैसा मात्र तारखांमध्ये होता: 29 फेब्रुवारी, 31 मार्च, 30 एप्रिल, आणि पतसंस्थेचा तो न आलेला आठवडा.

एक अर्धवट राहिलेलं पान

4 नोव्हेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयाचा वाढीव पेन्शनचा निकाल आला. 1 सप्टेंबर 2014 ला नोकरीत असलेल्या आणि पूर्ण पगारावर पीएफ भरलेल्यांना, कंपनीबरोबर संयुक्त पर्याय देऊन, खऱ्या पगारावर पेन्शन मागता येणार होतं. सुरेशराव यात बसत होते. अट अशी की इतकी वर्षं पीएफमध्ये गेलेला पेन्शनचा हिस्सा व्याजासकट परत करायचा. माझ्या अंदाजानं आठ लाख. बदल्यात पेन्शन तिप्पट-चौपट, आणि त्यांच्यानंतर वहिनींना त्याच्या निम्मं. आठ लाख कायमचे जातात, वारसांना परत मिळत नाहीत. म्हणून घरात आठवडाभर खल झाला. मुलगा नको म्हणत होता. वहिनी म्हणाल्या, “मुलांसाठी घर आहे. मला महिन्याला काय येणार ते सांगा.” त्या सुरेशरावांपेक्षा सहा वर्षांनी लहान आहेत. अर्ज जुलै 2023 च्या मुदतीआधी गेला, आणि आठ लाख बाजूला, एफडीत ठेवले. ते अजून तिथेच आहेत.

कारण कंपनीला प्रत्येक महिन्याचा जुना पगार अपलोड करायचा होता, आणि मधल्या काळात कंपनीचे मालक बदलले. 2005 पूर्वीची रजिस्टरं सापडत नाहीत असं उत्तर आलं. कंपन्यांसाठीची मुदत वाढत वाढत 31 जानेवारी 2025 पर्यंत गेली.

वहिनींनी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. आत 1997 पासूनच्या पीएफच्या वार्षिक स्लिपा, वर्षवार, शिवणाच्या दोऱ्यानं बांधलेल्या. दोन वर्षांच्या नाहीत, 2001 आणि 2003. एका स्लिपेला वाळवी लागलीय, पण रक्कम वाचता येते. मी सगळ्या स्कॅन करून कंपनीला पाठवल्या. गेल्या आठवड्यात तिथल्या मुलीचा फोन आला, 2003 ची स्लिप मिळेल का म्हणून विचारत होती.